पत, हमी आणि जोखीम : दाभोळच्या काठावरून मोठ्या बँकांकडे पाहताना

१

जागतिकीकरणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. नव्वदोत्तरी कवितेवरचा निबंध असो, ग्रामीण कादंबरीवरचे चर्चासत्र असो किंवा भाषेच्या भवितव्यावरचे भाषण असो, हा शब्द टाळून पुढे जाता येत नाही अशी आपली स्थिती आहे. या लेखनात बाजार येतो, जाहिरात येते, स्थलांतर येते. बँक मात्र क्वचितच येते. आली तर शेतकऱ्याच्या दारात वसुलीसाठी उभा राहिलेला अधिकारी म्हणून, नाहीतर सहकारातल्या गैरव्यवहाराची पार्श्वभूमी म्हणून येते. देशोदेशींच्या सीमा ओलांडून भांडवल नेणाऱ्या-आणणाऱ्या मोठ्या बँका आपल्या समीक्षाव्यवहारात जवळजवळ अदृश्य आहेत. हे अदृश्यत्व आम्हाला खटकते, आणि त्याचे कारण साहित्याशीच निगडित आहे. जागतिक वित्तव्यवहार हा मूलतः लेखी व्यवहार आहे. करार, हमीपत्र, विमापत्र, लवादाचा निवाडा अशा संहितांवर तो उभा असतो. आणि संहिता वाचणे हे तर आपलेच काम.

प्रस्तुत लेखात आम्ही या बँकांकडे रत्नागिरी जिल्ह्यातून पाहणार आहोत. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाशी, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. त्या काळातली ही भारतातली सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक मानली जात होती. ‘एन्रॉन’ हे नाव महाराष्ट्रातल्या लहानथोरांना माहीत झाले. ते गोठ्यातल्या गप्पांत आले, निवडणुकीच्या सभांत आले, व्यंगचित्रांत आले. त्या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकांची नावे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येतील. खलनायक म्हणून कंपनी पुरेशी होती. पुढारी पुरेसे होते. सावकाराची चौकशी करण्याची गरज कुणाला वाटली नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मोठ्या बँकांनी कोकणात भांडवल आणले, हे दाभोळविषयीचे अर्धेच सत्य आहे. त्यांचे खरे कर्तृत्व जोखमीच्या वाटणीत दिसते. पैसा कोणाचा, नफा कोणाचा आणि बुडीत कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी राहतील अशी कागदपत्रे रचणे, हे आधुनिक वित्तीय जागतिकीकरणातले मोठ्या बँकांचे मुख्य काम आहे. दाभोळमध्ये ते काम फार स्पष्टपणे वाचता येते.

२

प्रकल्पाचे नाव समोरच्या तीरावरून घेतलेले होते. दाभोळ हे गाव खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. पण हे नाव इतिहासाच्या दृष्टीने अगदीच चुकीचे नव्हते. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. होर्मुझ, एडन, तांबडा समुद्र यांच्याशी त्याचा व्यापार चाले. १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने ते जाळले, यावरूनही त्याचे महत्त्व कळते. जग दाभोळला १९९२ मध्ये प्रथम भेटले, असे समजण्याचे कारण नाही.

त्या जुन्या समुद्री व्यापाराला लागणारा पैसा सराफांच्या पेढ्यांतून येत असे आणि त्याचे साधन होते हुंडी. हुंडीच्या प्रकारांत ‘जोखमी हुंडी’ हा एक प्रकार पश्चिम भारतात रूढ होता. ती जहाजावर चढवलेल्या मालावर काढली जाई. माल बंदरात सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे मिळत. जहाज बुडाले, तर हुंडी विकत घेऊन ज्याने आधी पैसे मोजले त्याचे पैसे बुडत. म्हणजे ही हुंडी एकाच वेळी कर्ज होती आणि विमाही होती. पैसा पुरवणारा आणि जोखीम उचलणारा हा एकच माणूस असे, आणि त्याबद्दल तो कसर जास्त घेई. म्हणूनच जहाज कसे आहे, तांडेल कोण आहे, मोसम कोणता आहे, याची चौकशी त्याला करावीच लागे. ही व्यवस्था न्याय्य होती असा आमचा दावा नाही. सावकारीचे दुसरे चेहरे आपल्याला चांगले ठाऊक आहेत. जोखीम आणि चौकशी यांची तिथे गाठ बांधलेली होती, एवढेच आम्ही सांगू इच्छितो.

ही गाठ सुटल्यावर काय होते, याचा अनुभव मुंबईने १८६० च्या दशकात घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या आणि नव्या बँका निघाल्या, त्यांच्या शेअरांच्या तारणावर आणखी कर्जे दिली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेअरांबरोबर तारणही कागद ठरले. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. ही नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि इंपीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. दाभोळच्या कर्जदात्यांच्या यादीत स्टेट बँकही होती. संस्थांची स्मरणशक्ती पिढ्यांपेक्षा लांब असते असे म्हणतात. या बाबतीत तसे दिसले नाही.

त्याच मुंबईतल्या गिरण्यांत पुढे रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे हजारोंनी गेली आणि कोकणाची अर्थव्यवस्था ‘मनीऑर्डरची’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मनीऑर्डरच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, रक्कम आणि खाली दोन ओळी मजकुरासाठी थोडी जागा असे. जिल्ह्याला बाहेरच्या भांडवली जगाशी जोडणारा तो सर्वांत परिचित कागद. त्यावर प्रत्येक रुपयामागे एक नाव होते. याच जिल्ह्यात, अंजनवेलच्या माळावर, १९९० च्या दशकात जो कागद येणार होता त्यात नावे पुष्कळ होती; पण पैसा नेमका कोणाचा आणि बुडाला तर कोणाचा, हे शोधायला वकील लागणार होते.

३

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली करण्यात आली. २० जून १९९२ रोजी एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्याचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकी कंपन्या भागीदार होत्या. आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारा सुमारे दोन हजार मेगावॉटचा प्रकल्प, अशी मूळ कल्पना होती. केंद्र सरकारने जागतिक बँकेकडे अर्थसाहाय्याची विचारणा केली. ३० एप्रिल १९९३ च्या पत्रातून जागतिक बँकेने नकार कळवला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, कोळशाच्या तुलनेत ही वीज फार महाग पडेल आणि वीज मंडळावर तिचा मोठा बोजा येईल, असे तिचे मत होते.

ज्या प्रकल्पाला जागतिक बँकेने नाकारले, त्याच प्रकल्पाला दोन वर्षांनी बँक ऑफ अमेरिका, एबीएन ॲम्रो यांसारख्या मोठ्या व्यापारी बँकांनी कर्ज दिले. या बँका जागतिक बँकेपेक्षा कमी सावध होत्या का? आम्हाला तसे वाटत नाही. एकाच संहितेची ही दोन वाचने आहेत. जागतिक बँकेने या प्रसंगी प्रकल्प वाचला: किती वीज लागेल, कोण घेईल, कोणत्या दराने परवडेल. (तिची इतर देशांतली आणि इतर प्रसंगांतली वाचने वादग्रस्त आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही.) व्यापारी बँकांनी हमी वाचली. वीज परवडेल की नाही हा त्यांच्या दृष्टीने गौण प्रश्न होता. परवडली नाही तर पैसे कोण देईल, आणि तो देणार नाही म्हणाला तर कोणाकडे जाता येईल, एवढेच त्यांना पाहायचे होते.

येथे अशा कर्जाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. प्रकल्पासाठी एक स्वतंत्र कंपनी काढली जाते; येथे ती दाभोळ पॉवर कंपनी. कर्ज त्या कंपनीच्या नावावर असते आणि त्याची फेड तिच्याच भावी उत्पन्नातून व्हायची असते. मूळ कंपन्यांच्या तिजोरीला त्याची झळ मर्यादितच लागते. एक मोठी बँक पुढाकार घेऊन इतर बँका गोळा करते, कर्जाचे तुकडे करून त्यांना वाटते आणि या कामाचे शुल्क घेते. पुढाकार घेणाऱ्या बँकेची कमाई बरीचशी आरंभालाच होते. जोखीम मात्र अनेकांच्या वाट्याला थोडीथोडी जाते. भावी उत्पन्न हाच आधार असल्यामुळे ते उत्पन्न ठरवणारा कागद, म्हणजे वीज खरेदी करार, हा या सगळ्या इमारतीचा पाया ठरतो.

८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा तो करार झाला. त्याचे मर्म असे की प्रकल्प ठरलेल्या प्रमाणात वीज देण्यास सज्ज असला, की मंडळाने वीज घेतली वा न घेतली, स्थिर आकार देणे बंधनकारक होते. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. इंधनाच्या किमतीतली वाढ मंडळाकडे जाणार होती. मंडळ चुकले तर १९९४ मध्ये दिलेली राज्य सरकारची हमी होती. राज्य चुकले तर त्याच वर्षी दिलेली केंद्र सरकारची प्रतिहमी होती. वाद झाला तर लवाद लंडनमध्ये बसणार होता. सार्वभौम सरकार म्हणून मिळणारे कायदेशीर संरक्षणही सोडून देण्यात आले होते. हे सारे होत असताना करार लोकांसमोर ठेवला गेला नव्हता. जे फेडणार होते त्यांना तो वाचायची मुभा नव्हती.

मार्च १९९५ पर्यंत पहिल्या टप्प्याचे अर्थसाहाय्य पक्के झाले. खर्च सुमारे ९२ कोटी डॉलर. त्यात भागधारकांचे भांडवल तीस टक्क्यांच्या आसपास आणि बाकीचे कर्ज. कर्जदात्यांत व्यापारी बँकांच्या बरोबरीने अमेरिकी सरकारची निर्यात-आयात बँक आणि परदेशातल्या खासगी गुंतवणुकीला विमा देणारी तिथलीच सरकारी संस्था होती. भारताच्या बाजूने आयडीबीआयच्या पुढाकाराने आयसीआयसीआय, आयएफसीआय, स्टेट बँक, कॅनरा बँक अशा वित्तसंस्था होत्या. अमेरिकी निर्यात-आयात बँकेने दिलेल्या कर्जाला हमी होती ती या भारतीय संस्थांची. हे वाक्य आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वाचावे लागले. अमेरिकी सरकारच्या बँकेने, अमेरिकी कंपनीला, अमेरिकी यंत्रसामग्री विकत घेण्यासाठी दिलेले कर्ज, आणि त्याला जामीन भारतातल्या ठेवीदारांच्या आणि करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्था. जोखमी हुंडीत पैसा देणारा तोच जोखीम उचलणारा होता. येथे पैसा देणाऱ्याने जोखमीची पुरती सोय लावूनच पैसा दिला होता.

४

त्यानंतरचा घटनाक्रम राजकीय इतिहासाचा भाग झाला आहे. मार्च १९९५ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाला. लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू झाली. त्याच वर्षी पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९६ मध्ये प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला: दोन टप्पे मिळून २,१८४ मेगावॉट. केंद्रातल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने २७ मे १९९६ रोजी, आपल्या अखेरच्या दिवसांत, प्रतिहमीला पुन्हा मान्यता दिली. सरकारे बदलली, भाषणे बदलली, हमी टिकली. बँकांचे वाचन बरोबर होते.

गावांनी मात्र या प्रकल्पाचे तिसरेच वाचन केले होते. जमीन जाणार, खाडीतली मासळी जाणार, पाण्याचे काय होणार, असे त्यांचे प्रश्न होते. १९९७ मध्ये विरोध तीव्र झाला. ३ जून १९९७ रोजी पहाटे वेलदूर या मच्छीमारांच्या गावात पोलीस शिरले. घरांतून बायकांना आणि मुलांनाही ओढून नेण्यात आले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या घटनांची सविस्तर नोंद आहे. प्रकल्पाच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या पोलीस दलाचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात नमूद आहे. त्या अहवालाने अमेरिकी सरकारलाही त्याच्या कर्जाबद्दल आणि पाठिंब्याबद्दल जाब विचारला. बँकांच्या कागदात जोखमींची वर्गवारी असते: बांधकामाची जोखीम, चलनाची जोखीम, राजकीय जोखीम. वेलदूरच्या बायकांचे आंदोलन या वर्गवारीत कुठे बसते? फार तर ‘राजकीय जोखीम’ या सदरात. त्यांना स्वतःला कोणती जोखीम होती, यासाठी त्या कागदात सदर नव्हते.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्याच सुमारास दुसऱ्या टप्प्याचेही अर्थसाहाय्य पक्के झाले. आता जपान आणि बेल्जियमच्या निर्यात-पतसंस्थाही कर्जदात्यांत आल्या आणि भारतीय संस्थांचा वाटा फार वाढला. इकडे जे जागतिक बँकेने वर्तवले होते ते घडत होते. १९९३ मध्ये एका डॉलरला सुमारे ३१ रुपये पडत. २००१ मध्ये ४६ च्या वर. वायू येईपर्यंत वापरायच्या नाफ्थाचे भाव २००० मध्ये तेलाबरोबर चढले. मंडळ वीज कमी घेई, पण स्थिर आकार पूर्ण देई. त्यामुळे प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटाचा दर काही महिन्यांत सात रुपयांच्या पुढे गेला.

विनिमयदराचा चढउतार शेवटी कोणत्या वर्गाच्या पदरात काय टाकतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. आंबेडकरांनी विचारला होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. रुपया देशातल्या माणसाच्या हातात किती स्थिर आहे, हा प्रश्न त्यांना परदेशी चलनाशी असलेल्या नात्यापेक्षा महत्त्वाचा वाटत होता. दाभोळच्या करारात नेमके उलटे झाले. डॉलरमधला परतावा स्थिर ठेवला गेला आणि रुपयातले बिल मोकळे सोडले गेले.

जानेवारी २००१ पर्यंत मंडळाची देणी थकली. कंपनीने आधी राज्याची हमी आणि फेब्रुवारीत केंद्राची प्रतिहमी वठवण्याची मागणी केली. मंडळाने उलट असा दावा केला, की २८ जानेवारीला प्रकल्प ठरलेल्या वेळेत पूर्ण क्षमता देऊ शकला नाही, सबब ४०१ कोटी रुपये दंड कंपनीनेच द्यावा. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिलमध्ये कराराच्या पुनर्रचनेची गरज मांडली. मे २००१ अखेर मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा नव्वद टक्क्यांच्या आसपास पुरा झालेला होता. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉन कंपनीने स्वतःच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: कर्ज मिळण्याची योग्यता आणि माणसाची प्रतिष्ठा. पतपेढी आणि ‘पत गेली’ हे दोन्ही प्रयोग त्याच शब्दाचे. २००१ च्या चर्चेत वीज मंडळाची, राज्याची आणि अगदी भारताचीही पत गेल्याचे वारंवार सांगितले गेले, कारण महाग विजेचे बिल थकले होते. एन्रॉनला मात्र पतमापन संस्थांनी २८ नोव्हेंबर २००१ पर्यंत, म्हणजे दिवाळखोरीच्या चारच दिवस आधीपर्यंत, गुंतवणूकयोग्य दर्जा दिलेला होता. शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर गेले होते, हे या दोन तारखांच्या अंतरावरून समजावे.

५

पुढे अमेरिकेत चौकशी झाली तेव्हा मोठ्या बँकांचे आणखी एक काम उघडकीस आले. सिटीग्रुप आणि जे. पी. मॉर्गन चेस यांनी एन्रॉनला दिलेले अब्जावधी डॉलर ताळेबंदात कर्ज म्हणून दिसू नयेत, यासाठी ते वायू आणि तेल यांच्या आगाऊ खरेदी-विक्रीच्या रूपात मांडले गेले होते. मॉर्गनच्या बाजूची माहोनिया ही मध्यस्थ कंपनी जर्सी बेटावर नोंदलेली होती. माल एका हातातून निघून कागदावर फिरत मूळ ठिकाणी येई. मध्ये राहत असे ते फक्त कर्ज आणि व्याज. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने २००२ मध्ये या व्यवहारांची सुनावणी घेतली. २००५ मध्ये सिटीग्रुपने दोन अब्ज डॉलर आणि जे. पी. मॉर्गनने दोन अब्जांहून अधिक रक्कम भरून भागधारकांचे दावे मिटवले. कर्जाला व्यापार म्हणायचे, हा येथला शब्दच्छल कोणत्याही अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावा असा आहे.

आणि दाभोळचे कर्ज? परदेशी बँकांनी आपापल्या देशांनी भारताशी केलेल्या गुंतवणूक-संरक्षण करारांचा आधार घेतला. एबीएन ॲम्रोने नेदरलँड्सच्या करारानुसार, स्टँडर्ड चार्टर्डने ब्रिटनच्या, क्रेडी लिओने आणि बीएनपी पारिबा यांनी फ्रान्सच्या, एर्स्ट बँकेने ऑस्ट्रियाच्या करारानुसार भारत सरकारवर दावे लावले. अमेरिकेशी भारताचा असा करार नव्हता; म्हणून बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावे दावा केला. गुहागरच्या माळावरचे एक बंद पडलेले केंद्र, आणि त्याच्या भोवती ॲम्स्टरडॅम, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, पोर्ट लुई अशी शहरे. वित्तीय जागतिकीकरणाचा नकाशा काढायचा तर तो असा काढावा लागेल. २००५ च्या सुमारास तडजोडी होऊन हे दावे मिटले आणि परदेशी बँका बाहेर पडल्या.

मागे राहिल्या त्या भारतीय वित्तसंस्था. त्यांचे या प्रकल्पात सहा हजार कोटींहून अधिक रुपये अडकले होते. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी, गेल, या वित्तसंस्था आणि मंडळ यांची मिळून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन झाली. जिल्ह्याचे नाव प्रकल्पाला लाभले ते असे, सारे भागीदार निघून गेल्यावर, बुडीत सावरण्याच्या वेळी. २००६ मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये वायूअभावी बंद पडली. २०१५ मध्ये रेल्वेला वीज पुरवण्यासाठी परत सुरू झाली. २०२० च्या अखेरीस वित्तसंस्थांशी हिशेब मिटवून एनटीपीसीने ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली. सामंजस्याच्या करारापासून मोजले तर अठ्ठावीस वर्षे.

या अठ्ठावीस वर्षांत मूळ कागदावरच्या सह्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. एन्रॉन नाहीशी झाली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले. क्रेडी लिओने दुसऱ्या फ्रेंच बँकेत विलीन झाली. एबीएन ॲम्रो २००७ मध्ये तीन बँकांनी वाटून घेतली आणि त्यांतल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने, म्हणजे ब्रिटिश करदात्याने, वाचवले. दाभोळच्या दावेदारांतली क्रेडिट स्विस फर्स्ट बोस्टन ज्या समूहाची होती ती क्रेडिट स्विस २०२३ मध्ये यूबीएसने घेतली. बँका बुडताना त्यांची जोखीम शेवटी जनतेच्या तिजोरीकडे जाते, हे २००८ मध्ये न्यूयॉर्क-लंडनने जे शिकले ते दाभोळने सात वर्षे आधी पाहिले होते. आम्हाला वाटते, हा प्रसंग केवळ ‘तिसऱ्या जगातल्या एका राज्याची फसगत’ म्हणून वाचू नये. जी पद्धत येथे वापरली गेली ती जगभर वापरली जात होती. येथे ती फक्त लवकर उघडी पडली.

६

या वाचनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. वीज तर हवीच होती. सरकारकडे पैसा नव्हता. परदेशी बँकांनी हमी मागितली यात वावगे ते काय? कोणताही सावकार तारण मागतोच. आम्ही हे मान्य करतो. मोठ्या बँकांशिवाय मोठे प्रकल्प उभे राहत नाहीत आणि सर्वच परकीय कर्जे दाभोळसारखी ठरत नाहीत. हमी घेणे हा दोष नाही. दोष असा की हमी इतकी भक्कम होती की प्रकल्प तपासण्याचे कारणच कर्जदात्याला उरले नाही. ज्याला बुडण्याची भीती नाही तो जहाज पाहत नाही. आणि ज्यांना बुडण्याची भीती होती, त्या ग्राहकाला, करदात्याला, वेलदूरच्या कोळणीला, जहाज पाहण्याची परवानगी नव्हती. चौकशीचा अधिकार एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, अशी ही फाळणी आहे.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यात काय आहे, असा प्रश्न आमच्यातही निघाला होता. त्याचे उत्तर आम्ही असे देऊ. गेल्या काही दशकांत आपण संहितेतला निवेदक कोण, तो काय दडवतो, कोणाला बोलू देतो, हे विचारायला शिकलो. कथा-कादंबरीला आपण हे प्रश्न विचारतो. पण ज्या संहितांनी कोकणातल्या घरांच्या विजेचे दर आणि जमिनींचे भवितव्य ठरवले, त्या आपण वकिलांकडे आणि सनदी लेखापालांकडे सोपवल्या. करारातले वाक्य कर्मणी असते. ‘देय राहील’, ‘वर्ग करण्यात येईल’, ‘जोखीम खरेदीदाराकडे राहील’. कर्ता शोधणे हे व्याकरणाचे काम आहे आणि राजकारणाचेही.

मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या दोन ओळींत गिरणीतला माणूस घरची खुशाली विचारी आणि पैसे कशासाठी ते लिही: बियाण्याला, वहीला, दुखण्याला. पैशाबरोबर त्याचे कारणही प्रवास करत असे. तो काळ परत आणावा असे आम्ही म्हणत नाही. त्या कागदामागे चाळीतले हाल होते आणि गावातले एकटेपण होते. पण पैसा जिथे जातो तिथल्या माणसांना त्याचे कारण वाचता आले पाहिजे, ही अपेक्षा त्या फॉर्मइतकीच साधी आहे. दाभोळच्या करारात तेवढी जागा ठेवलेली नव्हती. पुढचा करार कोकणात येईल तेव्हा तो आधी मागून घेऊन वाचावा, आणि शक्य तर वर्गात वाचावा.